कंदीलपुष्प आणि रुई

"महाराज, ही रुई तोडू ना?"

विचारताना भार्गवच्या हातात कोयता होताच. वनस्पतिशास्त्र शिकून डोंगरावरच्या मठात आलेला हा शिष्य परवानगी मागायचा ती असली!

कड्याच्या टोकाला, खडकाच्या भेगेत एक रुई उभी होती. तिच्या अंगाखांद्यावर कंदीलपुष्पाचा नाजूक वेल चढला होता. अख्ख्या डोंगरावर तेवढा एकच वेल उरलेला. तो जगवायचाच, असं भार्गवनं मनाशी पक्कं केलं होतं.

केदारगिरी महाराज दगडावर टेकले. "ही दोघं एकमेकांची कोण?"

"कूळ एकच. प्रजाती वेगळ्या."

"अरे वा, म्हणजे भाऊबंद!"

"कसले भाऊबंद, महाराज! रुई काय, उकिरड्यावर येते, रस्त्याकडेला येते. तिला मरण नाही. हा वेल असल्या कड्यांवरच तग धरतो. संकटग्रस्त म्हणून नोंद आहे त्याची. आणि ही बया त्याचंच पाणी पिते, त्याचंच ऊन अडवते!"

"तोडायचीच म्हणतोस?"

"तोडायचीच."

महाराज काही बोलले नाहीत...

भार्गवनं त्यालाच होकार समजून टाकलं. वेलाचे वेढे अगदी हळुवार सोडवले, एकाही फुलाला धक्का लागू दिला नाही. मग कोयता चालवला. पुन्हा फुटायला नको म्हणून कोयत्याच्या टोकानं भेगेतलं मूळसुद्धा उकरून काढलं.

वारा आला. वेल घसरला आणि दरीवर लोंबायला लागला.

भार्गवनं झेप घेऊन वेल धरला. दुसऱ्या हातानं काठी रोवायला गेला, पण खडकात काठी जाते होय? दगडांचा आधार दिला, तर दगड गडगडत खाली गेले.

"महाराज... हात सोडला तर तुटेल हा!"

महाराज उठले. छाटी झटकली आणि मठाच्या वाटेला लागले.

भार्गवला रडू फुटलं. पण हात जागचा हलला नाही.

"नाही सोडणार! काही झालं तरी नाही सोडणार, महाराज! फक्त एवढं सांगा... किती वेळ धरून ठेवू?"

महाराज थांबले. वळून त्यांनी त्या रिकाम्या भेगेकडे पाहिलं.

"नवी रुई उगवेपर्यंत."