रानशेवंतीचा काढा

“...आणि घसा आतून सुजला असेल तर?”

“रानशेवंती.” तौ वेई चालता चालता बोलत होता. “पिवळी शेवंती तापाला आणि डोकेदुखीला, तुतीच्या पानांबरोबर. पांढरी डोळ्यांना, लाल झालेल्या, धुरकट दिसणाऱ्या. रानातली सगळ्यांत कडू, पण गळवाला आणि घशाला तीच. मात्र रोग्याचं पोट थंड असेल, जुलाब होत असतील, तर तिन्ही वर्ज्य.”

“बरोबर,” चिंगआन म्हणाले.

तौ वेईला एवढंच हवं होतं. डोंगरावरच्या मठात या म्हाताऱ्या भिक्षूजवळ राहून त्याने चीनच्या जुन्या वैद्यकातलं पान न् पान तोंडपाठ केलं होतं. गुरुजी कधी शाबास म्हणत नसत. बरोबर म्हणत.

त्यांना न्यायला आलेला, आजारी पोरीचा शेजारी पुढे चालत होता. तो मागे वळला. “जरा पाय उचला, बाबा. पोर घोटभर पाणीसुद्धा गिळत नाही.”

घर रेशीम काढणाऱ्या सूयिंगचं होतं. नवरा मागेच गेलेला. भिंतीला लागून पसरट टोपल्यांची चळत होती आणि प्रत्येक टोपलीत पांढरे कोष दाटीने चिकटलेले. त्या टोपल्यांजवळ चटईवर तिची मुलगी पडली होती. श्वास घेताना तिच्या गळ्यातून घरघर येत होती.

तौ वेईने नाडी पाहिली. जीभ पाहिली. घशात डोकावला आणि झटकन मान मागे घेतली.

गुरुजींनी फक्त पोरीच्या गार पडलेल्या तळपायाला हात लावला. मग ते बाजूला बसले.

“रानशेवंतीच ना, गुरुजी?”

“हो.”

त्याने वाळलेली फुलं टाकून काढा उकळला, गाळला, फुंकून कोमट केला. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन चमचा ओठांना लावला. पहिला चमचा आत गेलासा वाटला. दुसरा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला. तिसराही.

घरघर थांबली होती, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. तो चमचा भरत राहिला, ओतत राहिला.

गुरुजींनी त्याचं मनगट धरलं.

“पुरे.”

सूयिंग रडली नाही. ती लेकीच्या पायाशी बसून टोपल्यांकडे बघत होती.

“घसा दुखतो म्हणाली होती,” ती हळू आवाजात बोलू लागली. “परवाच म्हणाली होती. मी म्हटलं, किडे कोष विणायला लागलेत, आता सोडून कशी जाऊ? एवढे कोषात जाऊ देत, मग जाऊ मठात...”

तिने शेजारच्या खांबावर कपाळ आपटलं. मग पुन्हा आपटलं. कातडी फुटली, रक्त भुवईवर उतरलं, तरी ती थांबेना. शेजाऱ्याने तिला धरायला हात पुढे केला, तो तिने झिडकारला.

मग एकाएकी थांबून तिने तौ वेईकडे पाहिलं.

“तुम्ही शिकलेले आहात. खरं सांगा. परवा आणली असती तर?”

तौ वेईला उत्तर माहीत होतं. परवा ती गिळू शकत होती. परवा काढा पोटात गेला असता. त्याने तोंड उघडलं...

“परवा आणली असती तरी हेच झालं असतं,” चिंगआन म्हणाले. “पोरीचं पोट थंड होतं. तिला शेवंती चालणार नव्हती. हा मला विचारत होता, मी हो म्हटलं. चूक माझी.”

तौ वेई थक्क होऊन गुरुजींकडे बघत राहिला.

“तुम्ही...?” सूयिंग म्हाताऱ्याकडे वळली. “तुम्ही मारलंत तिला?”

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

तिने काढ्याचं भांडं उचललं आणि त्यांच्या तोंडावर भिरकावलं. गालावर खोक पडली. हिरवट पाणी रक्तात मिसळून दाढीतून ठिबकू लागलं. तिने त्यांना खुनी म्हटलं, ढोंगी म्हटलं, त्यांच्या मठाला आग लागो म्हणाली. दारात जमलेले लोक थुंकले. गुरुजी जागचे हलले नाहीत. तिचा आवाज चिरका झाला, फाटला... आणि मग तिला हंबरडा फुटला.

बऱ्याच वेळाने ती उठली. खांबाकडे तिने पाहिलंही नाही. लेकीला आंघोळ घालायला तिने चुलीवर पाणी ठेवलं.

गुरुजी बाहेर पडले. मागून कुणीतरी दगड मारला, तो तौ वेईच्या पाठीत बसला.

वाडी मागे पडली, तसं तौ वेईला राहवेना.

“पोरीला जुलाब नव्हते. पोट थंड नव्हतं. फूल बरोबर होतं!”

“हो.”

“औषधात काहीच चुकलं नव्हतं!”

“नाही.”

“आता या खोऱ्यातलं कुणी मठाची पायरी चढणार नाही, गुरुजी. उद्या दुसऱ्या कुणाचं पोर आजारी पडलं तर?”

चिंगआन थबकले. गालावरचं रक्त त्यांनी बाहीने पुसलं.

“मग आपणच दारोदार जायचं. दगड खात.”

ते पुन्हा चालू लागले. तौ वेईने दंडाला धरून आधार दिला, पण त्याचा स्वर अजून कडवटच होता.

“आणि ती बाई? ती तुम्हाला मरेपर्यंत शिव्या देईल.”

“तिला दिलेलं औषध लागू पडलं, तर.”