करकोच्याने लावलेली रांग

फार जुन्या काळी, रानात एकच तळं उरलं होतं तेव्हा, पाण्यावर येणाऱ्या जनावरांची रांग करकोचा लावायचा. त्याचं ते हातखंडा काम होतं. दोघांना समोर उभं करायचं, आपल्या पाठीवर बसलेल्या पाखराला विचारायचं, "आधी कोण?" आणि ते सांगेल तसं पुढेमागे करायचं. साळुंकी बसली की तहानेने व्याकूळ झालेले पुढे यायचे, चिमणी बसली की लहानगे. करकोच्याचं काम तेच राहायचं, रांग मात्र बदलायची.

एका सकाळी एक अनोळखी राखी पाखरू पाठीवर येऊन बसलं. त्याला वजनच नव्हतं. करकोचा विचारत गेला, ते सांगत गेलं. सगळ्यांत पुढे उड्या मारणारं पाडस आलं, त्याच्यामागे धडधाकट रानडुक्कर, मग ससा. म्हातारं कासव पार शेवटी. करकोच्याला नवल वाटलं, पण कारण विचारायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाडस मेलं. तिसऱ्या दिवशी रानडुक्कर.

चौथ्या दिवशी पाखरू पुन्हा पाठीवर आलं. करकोच्याने घाबरत विचारलं, "ही कसली रांग लावलीस तू?"

"रांग तू लावलीस," पाखरू शांतपणे म्हणालं. "दोघांत आधी कोण, एवढंच मी सांगितलं. आता तुझीच जागा तेवढी ठरायची राहिलीय. समोर ससा आहे आणि इथे तू. विचार की."

जन्मभर तो एकच प्रश्न विचारत आलेल्या करकोच्याला चोच उघडवेना. समोर ससा कान टवकारून उभा होता.