तेवढं यंत्र काढा

प्राध्यापक खांबेटे विज्ञानकथेला साहित्य मानतच नाहीत. तरीही आमच्या वाचनालयाने कथास्पर्धेला परीक्षक म्हणून यांनाच बोलावलं, आणि यांनीही खुशाल हार घालून घेतला!

बक्षीस समारंभात त्यांनी हेमलता गायधनी या नर्सबाईंची कथा हातात उंच धरली.

“बाई, विस्मरण झालेल्या म्हातारीची इतकी सुंदर कथा, तिच्यात यंत्रमानव कशाला घुसडलात? यंत्राला काळीज असतं का? तेवढं यंत्र काढा, पहिलं बक्षीस तुमचं. काळीज बघायचं तर या म्हातारीची सून बघा!” आणि कथेतली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, “‘आज त्यांनी मला वारलेल्या मुलाच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.’”

सभागृह गलबललं. गायधनीबाई मात्र तडक व्यासपीठावर चढल्या, सरांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि नेमकं तेच वाक्य खोडलं.

“अहो, हे काय करताय?” सर ओरडले.

“यंत्र काढतेय. सून पहिल्याच पानावर परदेशी निघून गेली, सर. ओ द्यायला घरात काय तो यंत्रमानवच उरला होता.”