खरवडलेला खडक

एका खाडीकाठच्या गावात दोन जावा होत्या. थोरली चांगुणा, धाकटी द्वारकी. घरं वेगळी झाली तेव्हा सासूने कालवांचा, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांचा, खडकही वाटून दिला. मधली चीर ही हद्द. नियम एकच: कालवांचं बी पाण्यात सुटायच्या महिन्यात कुणी खडकाला टोचा, म्हणजे कालवं काढायचं टोकदार लोखंड, लावायचा नाही.

द्वारकीच्या बाजूला कालवं अशी दाट की बोट ठेवायला जागा नाही. चांगुणाकडे विरळ, कारण ती बारकीसुद्धा सोडायची नाही. पण खापर फोडलं धाकटीवर. भरतीचं पाणी आधी तिच्या खडकाला लागतं, खाणं तिचीच कालवं खातात, माझी उपाशी राहतात, असं तिने मनाशी पक्कं केलं. द्वारकीची भरली पाटी बघितली की हिच्या पोटात कळ यायची. द्वारकी वाटीभर कालवं आणून द्यायची, तीही हिला टोमण्यासारखी लागायची.

द्वारकी बाळंतपणाला माहेरी गेली. नेमका बी सुटायचा महिना. चांगुणाने ओहोटी साधून धाकटीचा अख्खा खडक खरवडला आणि कालवं खोल चिखलात फेकली. हात फाटले, पण जीव थंड झाला.

द्वारकी मूल घेऊन परतली. उघडा खडक बघितला आणि दुसऱ्यांची मासळी निवडायला जाऊ लागली. चांगुणाला चार दिवस जेवण गोड लागलं.

पुढच्या वर्षी चांगुणाच्या खडकावर एकही पिल्लू धरलं नाही. होती ती काढून संपली. मग ती सासूपुढे रडत बसली. म्हणाली, माझ्या खडकाला कुणाची तरी नजर लागली.

सासूने तिच्या हातांवरचे वण बघितले.

"नजर तुझीच लागली. कालवाला पाय नसतात, चांगुणे. नर आणि मादी जागच्या जागी राहून आपापलं बी पाण्यात सोडतात. दाटी असेल तर गाठ पडते, नाहीतर लाट घेऊन जाते. तुझी चार इथे, चार तिथे. तुझ्या खडकावर आजवर जे धरत होतं ते द्वारकीच्या दाटीमुळे; ती दाटी तूच खरवडलीस."

द्वारकी दारातच होती, मूल कडेवर. ती म्हणाली,

"माझ्या माहेरच्या खाडीतून कालवं धरलेले दगड आणायचेत, जाऊबाई. ते तुम्ही वाहायचे. मी हद्दीवर दाटीने रचीन, दोघींना पुरतील असे. आणि तुमचा टोचा तीन वर्षं माझ्या घरात राहील."

चांगुणा उठली आणि टोचा आणून तिच्या हातात दिला.

तात्पर्य: जिचं चांगलं बघून आपलं पोट दुखतं, तिच्याच जिवावर ते भरत नाही ना, हे हात उचलण्याआधी बघावं.