आंबेघोळचा फोन

“...मग तो व्यस्त का लागतो, तेवढं सांगा ना चाचा!”

सौमित्रने कागदांची चळत टेबलावर आपटली.

अत्तारचाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. वरचा कागद उचलून डोळ्यांजवळ नेला आणि होता तिथे परत ठेवला.

“छपाई फिकी येते आहे,” ते म्हणाले. “रिबन बदल.”

सौमित्रने कपाळ धरलं.

निरगुडी धरणाच्या पूरनियंत्रण कक्षात येऊन त्याला चार महिने झाले होते. पुण्याच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात सुटलेला पोरगा. खासगी नोकरी सोडून इथे आला होता, ते लोकांच्या उपयोगी पडायचं म्हणून. आणि लोकांच्या उपयोगी पडण्याच्या वाटेवर सरकारने हे अत्तारचाचा बसवून ठेवले होते.

चाचा टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. कॉलेज पाहिलेलं नाही. कॉम्प्युटर शिकले ते पुस्तकं चाळून. तरी इथला सगळा प्रोग्राम त्यांचा. नदीच्या वरच्या अंगाला अठरा ठाणी होती. प्रत्येक ठाण्यावर एक माणूस, एक फोन, एक जुना कॉम्प्युटर, एक मोडेम. सकाळी आठला पाण्याची उंची बघायची, आकडा टाइप करायचा, बटण दाबायचं. ठाण्याचा कॉम्प्युटर धरणावर फोन लावणार आणि आकडा सांगणार. अठरा आकडे जमले की दरवाजे किती उचलायचे ते ठरणार.

नऊ दिवस सतराच आकडे येत होते.

“पुन्हा वाचून दाखवतो,” सौमित्र म्हणाला. “नाव, आंबेघोळ. परवलीचा शब्द, बरोबर. फोन ठेवला. उलट फोन लावला. व्यस्त. पुन्हा नाव, आंबेघोळ. परवलीचा शब्द, बरोबर. फोन ठेवला. उलट फोन लावला. व्यस्त. सकाळपासून एकशे साठ वेळा! चाचा, हा तुमचा उलटा फोनच काढून टाका. नाव बरोबर, शब्द बरोबर, मग आत घ्या ना त्याला! फोन ठेवून परत फोन करायचा, हा काय अडाणीपणा आहे?”

“नाव कुणीही सांगतं.”

“शब्द?”

“शब्दही कुणीही सांगतं. कॉम्प्युटरवर चिकटवलेला असतो.” चाचांनी चष्मा खाली घेतला. “मागे एकानं तालुक्याच्या गावातून फोन केला. गंमत म्हणून. म्हणाला, मी आंबेघोळ, पाणी बारा मीटर. दरवाजे उचलायला माणसं धावली होती...”

“मग?”

“मग मी ठरवलं. दारात आलेल्याला आत घ्यायचं नाही. नाव विचारायचं, दार लावायचं, आणि त्याच्या घरी जाऊन त्याला हाक मारायची. घरात असला तर तो खरा.”

“पण तो घरात आहे आणि दार उघडत नाहीये!”

“हं.”

हे ‘हं’ सौमित्रला चार महिने छळत होतं. त्यात हो नव्हतं, नाही नव्हतं, काहीच नव्हतं. चाचांच्या प्रोग्रामची चार हजार ओळींची छापील प्रत त्याने नऊ दिवसांत तीनदा वाचली होती. लाल पेनाने खुणा केल्या होत्या. दोनशे ओळी तर निव्वळ थांबण्याच्या होत्या. इथे दहा सेकंद थांब, तिथे पाच सेकंद थांब. प्रोग्राम होता की धर्मशाळा?

“आंबेघोळला काही बदललं?” चाचांनी विचारलं.

“काही नाही. उलट सुधारलंय.”

“हं.”

“चाचा, आज चार वाजता साहेब आंबेघोळच्या बाईंना काढायच्या ऑर्डरवर सही करणार आहेत. हे तरी कळतंय का तुम्हाला?”

चाचा खणात नवी रिबन शोधू लागले.

आंबेघोळचं ठाणं इंदुमती धनवडे नावाच्या बाई सांभाळायच्या. हंगामी नेमणूक, दरवर्षी नवी ऑर्डर. कार्यकारी अभियंता जगदाळे साहेबांनी चार दिवसांपूर्वी असेच कागद पाहिले होते. ‘व्यस्त, व्यस्त, व्यस्त’ वाचून ते हसले होते. “सरकारी फोनवर माहेरच्यांशी गप्पा चालल्यात बाईंच्या. दुसरं काय?”

सौमित्र तेव्हा समोरच उभा होता. त्याला माहीत होतं की बाई रोज आकडा चिठ्ठीवर लिहून एसटीच्या कंडक्टरकडे देतात. संध्याकाळी चिठ्ठी येते आणि आकडा चोख असतो. तो हे बोलणार होता. पण बाई खऱ्या असतील तर प्रोग्राम खोटा ठरतो, आणि प्रोग्राम आता त्याच्या ताब्यात होता.

तो एवढंच म्हणाला होता, “फोन तर व्यस्तच लागतोय, साहेब.”

तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. आणि त्याचा सगळा राग निघत होता तो या म्हाताऱ्यावर.

“तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो? एका बाईची नोकरी जातेय! तुमच्या या जुनाट प्रोग्राममुळे जातेय! मी म्हणतो सगळा नव्याने लिहू, तर तुम्ही म्हणता हं. मी म्हणतो उलटा फोन काढू, तर म्हणता हं. मी म्हणतो...”

“सौमित्र.”

“काय?”

“नकाशांच्या खोलीत जाऊन बस.”

“कशाला?”

“तिथे फोन आहे. काही सुचलं तर मला इथे लाव.”

“इथेच सांगतो की!”

“तिथून सांग.”

नकाशांची खोली व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सौमित्र पाय आपटत गेला. खुर्चीवर बसला. समोरच्या भिंतीवर निरगुडी नदी पसरली होती आणि तिच्या अगदी वरच्या फाट्यावर आंबेघोळचा ठिपका. तो ठिपका त्याच्याकडे बघत होता.

त्याला सुचलं ते एवढंच, की आपण राजीनामा द्यावा. आणि हे चाचांना आत्ताच्या आत्ता ऐकवावं.

त्याने रिसीव्हर उचलून नंबर फिरवला.

व्यस्त.

आपटून ठेवला. लगेच उचलला, फिरवला.

व्यस्त.

पुन्हा. व्यस्त. पुन्हा. व्यस्त. कुणाशी बोलतोय हा माणूस? मला म्हणतो फोन लाव आणि स्वतः... पुन्हा. व्यस्त. सात-आठ वेळा झाल्यावर तो उठला आणि व्हरांडा ओलांडून तरातरा परत आला.

चाचा रिसीव्हर हातात धरून बसले होते. त्यांच्याही कपाळावर आठ्या होत्या.

“कुणाशी बोलत होता एवढा वेळ?” सौमित्र ओरडला.

“मी? तू कुणाशी बोलत होतास?”

“मी कुणाशी बोलणार? तुम्हाला लावत होतो! तुमचाच व्यस्त होता!”

“तुझा व्यस्त होता. आठ वेळा लावला.”

“अहो, मी लावतोय म्हटल्यावर माझा व्यस्त लागणारच! तुम्ही जरा खाली ठेवला असतात तर...”

तो बोलता बोलता थांबला.

...

चाचांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

सौमित्र हळूच खुर्चीत बसला. मघाशी आपण म्हणालेलं ‘सुधारलंय’ त्याला आठवलं.

दहा दिवसांपूर्वी तो स्वतः आंबेघोळला जाऊन आला होता. तिथली लाइन सारखी तुटते, अशी बाईंची तक्रार होती. म्हणून त्याने त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तीन ओळी घातल्या होत्या. लाइन तुटली की तत्काळ पुन्हा फोन लाव. लागेपर्यंत लाव. हार मानू नकोस. आपल्या त्या तीन ओळींचा त्याला इतका अभिमान होता, की त्याने त्या घरी पत्रात लिहून कळवल्या होत्या.

धरणाचा कॉम्प्युटर नाव ऐकून फोन ठेवायचा. दहा सेकंद थांबायचा, मग हाक मारायचा. तोवर आंबेघोळचा कॉम्प्युटर ‘लाइन तुटली’ असं समजून पुन्हा फोन लावायला धावलेला असायचा. हाक मारणाऱ्याला फोन व्यस्त मिळायचा. एकशे साठ वेळा. दोघंही बोलायला आतुर आणि म्हणून कुणाचंच बोलणं नाही.

“चार हजार ओळी वाचल्या मी,” तो पुटपुटला. “तीनदा. तुमच्या.”

चाचांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

आंबेघोळच्या ठाण्याला फोन करून उपयोग नव्हता. तो व्यस्तच असणार होता. सौमित्रने तिथल्या ग्रामपंचायतीला लावला. ग्रामसेवकाने बाईंना बोलावणं पाठवलं. बऱ्याच वेळाने धापा टाकणारा आवाज आला.

“हॅलो, धनवडे बोलत्ये. साहेब, सकाळपासनं चालूच आहे माझं! मी सोडलेलं नाही!”

“बाई, सोडा.”

“काय?”

“सारखा लावू नका. एकदा बटण दाबा. किर्र वाजून लाइन तुटेल. तुटली की एस्केपची कळ दाबा, आणि गप्प बसून राहा. दोन मिनिटांत फोन वाजेल. तो तुम्ही उचलू नका, कॉम्प्युटर उचलेल.”





“म्हणजे बंद करून बसू?” आवाज एकदम कडक झाला. “आणि मग तुम्हीच वर कळवणार, बाईंनी बंद ठेवलं होतं म्हणून! साहेब, मी अडाणी नाही. मला कळलंय तिकडं काय बोलणं चाललंय ते. माहेरच्यांशी गप्पा म्हणे! माझ्या माहेरात फोन तरी आहे का, विचारा त्यांना!”

सौमित्रचे कान तापले.

“बाई, चूक तुमची नाही.”

“मग कुणाची?”

त्याने चाचांकडे पाहिलं. चाचा खिडकीतून बाहेर बघत होते.

“माझी,” तो म्हणाला. “मी मागे येऊन जे बसवलं ना, त्याची.”

“त्या दिवशी तर म्हणालात, आता बघा बाई, कशी घोड्यासारखी पळेल मशीन.”

“म्हणालो होतो.”

“लिहून द्याल?”

“देतो.”

“नाव घालून?”

“नाव घालून. आता जा, बाई. चारच्या आत.”

फोन ठेवून दोघं पडद्यासमोर बसले. आंबेघोळच्या नावाने तेच ते पाढे वर सरकत होते. फोन ठेवला. उलट फोन लावला. व्यस्त. फोन ठेवला. उलट फोन लावला. व्यस्त. मग पाढे थांबले. सौमित्रचे हात सारखे कळांकडे जात होते. चाचांनी त्याची मनगटं धरली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

पडद्यावर अक्षरं उमटली.

नाव, आंबेघोळ. परवलीचा शब्द, बरोबर. फोन ठेवला.

...

सौमित्रने आयुष्यात इतके लांब दहा सेकंद पाहिले नव्हते.

उलट फोन लावला. उचलला. पाणी, सहा मीटर चाळीस.

तो ओरडला नाही. कागद ओढून त्याने पत्र लिहिलं. आधी दोन पानं झाली, त्यांत मोडेम होतं, उलटा फोन होता, सगळं होतं. ती त्याने फाडली. मग चार ओळी लिहिल्या. आंबेघोळचा फोन माझ्या चुकीमुळे व्यस्त लागत होता. श्रीमती धनवडे यांचा दोष नाही. आपण विचारलंत तेव्हा माझ्याकडे त्यांच्या चिठ्ठ्या होत्या आणि मी गप्प राहिलो. सोबत जोडल्या आहेत. खाली पूर्ण नाव, सौमित्र पोतनीस.

जगदाळे साहेब सहीचं पेन उघडून बसले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चिठ्ठ्या चाळल्या.

“पोतनीस, हे तुमच्या फायलीला लागेल.”

“हो, साहेब.”

“आज काय आला आकडा?”

“सहा चाळीस.”

साहेबांनी बाईंच्या ऑर्डरचा कागद उलटा केला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर सहा चाळीस लिहून घेतलं.

सौमित्र परत आला तेव्हा चाचा छपाईच्या यंत्रात नवी रिबन बसवत होते. बोटं काळी झाली होती. तो दारातच उभा राहिला. सुटकेचा आनंद व्हायला हवा होता, पण आतून पुन्हा रागच उसळत होता.

“नऊ दिवस, चाचा. तुम्हाला पहिल्यापासून कळलं होतं. माझ्या तोंडून वदवून घ्यायचं म्हणून गप्प बसलात. आणि तिकडे ती बाई...”

चाचांनी मान वर केली. त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

“मला कुठे कळलं होतं?”

“मग त्या खोलीत का पाठवलंत मला?”

“तू फार ओरडत होतास.”

सौमित्र दारातून आत आला. 

“...आणि फोन? तुम्ही मला फोन का लावत होता?”

चाचांनी फडक्याला बोटं पुसली. एकेक बोट, सावकाश.

“चहा आला होता,” ते म्हणाले. “तुला बोलवत होतो.”