देवकूचा नारळ

फार मागची गोष्ट. करंजवण्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, धाकू नावाड्याची होडी होती. एका पावसाळ्यात बुडत्या माणसाला काढायला तो खाडीच्या मुखाशी गेला. माणूस पोहत काठाला लागला, होडीही वाहत परत आली. धाकू तेवढा आला नाही.

त्याची बायको देवकू. वय कोवळं, पदरी मूल नाही. गावचा रवळू घाडी गावदेवी जाखमातेला कौल लावायचा. तो म्हणाला, "बाई पांढऱ्या पायाची." झालं! घाड्याचा शब्द म्हणजे देवीचा शब्द. पाणवठ्यावर बाया तिची सावलीही टाळू लागल्या.

देवकू खूप रडली. मग एका सकाळी जाखमातेच्या देवळाशी गेली. आत कुणी येऊ देईना, म्हणून पायरीवरूनच म्हणाली, "आई, तुझ्या हातून वाईट काही घडत नाही. मग मी वाईट कशी? मी तुझी लेक आहे." तिथून ती थेट होडीवर गेली आणि तिनं वल्हं उचललं.

होडीत कुणी बसेना. लोक चिखल तुडवत लांबच्या उतारानं जात. देवकू रिकामी होडी पलीकडे नेई, रिकामी परत आणी. मध्यावर आली की वल्हं थांबवून समुद्राकडे बघे. "येतोस ना रे?" एवढंच विचारी. असं म्हणतात, तेवढा वेळ ओहोटीसुद्धा थांबायची.

अशी वर्षं गेली. मग एका श्रावणात मोठं उधाण आलं. खाडीतल्या बेटावर रवळू घाड्याची लेक दिलेली, दिवस भरलेली. तिथल्या घरांत पाणी शिरलं. होडी घालायला कुणी गडी धजेना. देवकूनं दोर सोडला.

"तू नको गं," घाडी म्हणाला, "तुझे पाय..."

"माझे पाय जाखमातेनं दिलेत, घाडीबाबा. तुमची लेक आणते."

असं म्हणतात, होडीपुढचं पाणी तेलासारखं सपाट होत गेलं. काठावरच्यांनी पाहिलं, वल्हवणारी एकटी, पण पाणी दोन्ही बाजूंनी कापलं जात होतं. देवकूला मागे वल्ह्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही. वळलं तर तो जाईल, असं तिला वाटलं. "आलास होय?" एवढं म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

बेटावरची सगळी माणसं तिनं आणली. घाड्याची लेक होडीतच बाळंत झाली. घाडी पाया पडायला वाकला, तशी देवकूनं त्याला धरून उठवलं. सगळे उतरल्यावर तिनं मागे पाहिलं. मागची बसायची फळी रिकामी होती.

पुढे होडी रोज माणसांनी भरे. तरी मध्यावर तिचं वल्हं थांबे, आणि माणसं आपोआप गप्प होत. म्हातारपणी एका संध्याकाळी ती एकटीच मुखाकडे निघाली. ना ती परतली, ना होडी.

आता पूल झालाय. तरी नारळी पौर्णिमेला करंजवण्यात पहिला नारळ नवरा गेलेली बाई सोडते. घाड्याच्या घरचा माणूस तो तिच्या हातात देतो. "मी जाखमातेची लेक," ती म्हणते आणि नारळ पाण्यावर ठेवते. ओहोटी त्याला मुखाकडे नेते. तो दिसेनासा होईपर्यंत काठावर कुणी बोलत नाही.