कुंभारीण माशी आणि उघडं मडकं

एक होती कुंभारीण माशी. कंबर बारीक, पाय पिवळे. तिनं सुंदराकाकूंच्या अंगणातल्या भिंतीवर एक मडकं केलं. मातीचं. बोराएवढं. आत बारीक दोऱ्यानं अंडं टांगलं. अंड्यात बाळ. बाळाला खाऊ म्हणून हिरव्या अळ्या ठेवल्या. आता राहिलं फक्त झाकण.

लांब ओढ्यावरून ती ओला गोळा घेऊन आली. गुईं गुईं! गुईं गुईं!

तेवढ्यात वारा आला. सूंऽऽऽ!

गोळा सुटला. टप्! धुळीत गेला.

आणि कुंपणावर कोण बसलंय? निळी माशी! चमचम निळी. ती स्वतः मडकं करत नाही. दुसरीच्या उघड्या मडक्यात गुपचूप अंडं घालते. मग तिचंच बाळ सगळं खाऊन टाकतं.

कुंभारीण घाबरली. पुन्हा ओढ्यावर जावं, तर इथं मडकं उघडं!

ती गेली अंगणातल्या मातीकडे. गुईं गुईं!

"माती, माती, गोळा दे. झाकण होईना, बाळ माझं उघड्यावर!"

माती म्हणाली, "मी तर कोरडी. मधमाशीला सांग पाणी आणायला."

कुंभारणीनं मागे पाहिलं. निळी माशी भिंतीखाली आली होती.

ती गेली मधमाशीकडे. गुईं गुईं!

"मधमाशी, मधमाशी, पाणी दे. माती भिजेना, झाकण होईना, बाळ माझं उघड्यावर!"

मधमाशी म्हणाली, "ओढा लांब गं. भुकेनं माझे पंख हलत नाहीत. भोपळ्याच्या कळीला सांग उमलायला."

ती गेली कळीकडे. गुईं गुईं!

"कळी, कळी, उमल ना. मधमाशी पाणी देईना, माती भिजेना, झाकण होईना, बाळ माझं उघड्यावर!"

कळी म्हणाली, "कशी उमलू? देठावर मावा बसलाय. इवले इवले किडे. माझा रस पितात, चुटूचुटू. ढालकिड्याला सांग मावा खायला."

कुंभारणीनं मागे पाहिलं. निळी माशी भिंतीवर चढत होती!

ती गेली ढालकिड्याकडे. लाल पाठ, काळे ठिपके. गुईं गुईं!

"ढालकिड्या, ढालकिड्या, मावा खा. कळी उमलेना, मधमाशी पाणी देईना, माती भिजेना, झाकण होईना, बाळ माझं उघड्यावर!"

ढालकिडा म्हणाला, "खाल्ला असता गं! पण तिथं मुंगळ्यांचा पहारा. मावा त्यांना गोड थेंब देतो. मी गेलो की मुंगळे चावतात. कड्कन!"

ती गेली मुंगळ्यांकडे. गुईं गुईं!

"मुंगळ्यांनो, मुंगळ्यांनो, हटा ना. ढालकिडा मावा खाईना, कळी उमलेना, मधमाशी पाणी देईना, माती भिजेना, झाकण होईना, बाळ माझं उघड्यावर!"

मुंगळे म्हणाले, "मग आम्हाला गोड कोण देणार? काकूंकडून गूळ आण. मग हटतो."

कुंभारणीनं मागे पाहिलं. निळी माशी मडक्याशेजारी! अगदी शेजारी!

ती गेली सुंदराकाकूंकडे. काकू ओसरीवर गूळ चिरत होत्या. जवळच झोळीत त्यांचं तान्हं झोपलं होतं.

"अगंबाई, माशी!" काकूंनी फडकं उचललं. "हूश! चावशील माझ्या सोन्याला!"

फट्! फडकं बसलं जमिनीवर. कुंभारीण बाजूला झाली. पंख थरथर कापत होते. पण ती पळाली नाही.

"नाही चावणार, काकू! काकू, काकू, गूळ द्या. मुंगळे हटेनात, ढालकिडा मावा खाईना, कळी उमलेना, मधमाशी पाणी देईना, माती भिजेना, झाकण होईना, बाळ माझं उघड्यावर!"

काकूंनी झोळीकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बाळ आहे होय गं तुझं! घे बाई, घे लवकर!"

आणि त्यांनी मुंगळ्यांपुढे गुळाचा खडा टाकला. टुप्!

गूळ मिळाला, मुंगळे हटले. तुरुतुरु तुरुतुरु!
मुंगळे हटले, ढालकिड्यानं मावा खाल्ला. मटामटा मटामटा!
मावा गेला, कळी उमलली. हळू... हळू... पिवळीधम्मक!
कळी उमलली, मधमाशी रस प्याली, ओढ्यावर गेली, पाणी घेऊन आली. भुर्र भुर्र!
पाणी आलं, माती भिजली. पचपच पचपच!
माती भिजली, कुंभारणीनं गोळा उचलला.

पण हे काय? निळ्या माशीनं मडक्यात डोकं घातलं!

"हो बाजूला! बाळ आहे माझं!" कुंभारणीनं जोरात धडक दिली. धाड्!

निळी माशी घाबरली. अंग दुमडून तिची झाली गोळी. गोळी भिंतीवरून पडली खाली. टप्!

कुंभारणीनं आत डोकावून पाहिलं. अंडं आहे का? आहे! दोऱ्याला झुलतंय. एकटंच. छान.

मग झाकण लावलं. थप् थप् थप्!

निळी माशी पुन्हा आली. टक् टक् केलं. दार नाही, फट नाही. गेली निघून.

कुंभारीण मडक्यावर बसली. तिनं पाय पुसले. मिशा पुसल्या. आता कुठं तिचे पंख थरथरायचे थांबले.

निळी माशी गेली रानात,
बाळ निजलं मडक्यात,
आणि गोष्ट शिरली तुमच्या कानात!